मामांचा राग आणि पाखऱ्या

माझ्या मोठ्या मामांइतका रागीट माणूस नांदगाव खंडेश्वर तालुक्यात झाला नाही. ते उन्हावर रागवत, सावलीवर रागवत, चहा गरम असला तर चहावर आणि निवला तर मामीवर. पण त्यांचा खरा दावा घड्याळाशी. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांचा एक बैल केसभर वेळेनं हरला, तेव्हापासून घरात घड्याळ नाही. मी बी.ए. झालो आणि मनगटी घड्याळ घालून पाया पडायला गेलो, तर आशीर्वादाआधी ओरडले, "काढ ते! घड्याळ खोटं बोलते, बैल नाही बोलत."

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर गेरूनं नावं लिहिलेली आहेत. आजा-पणजाची नाहीत, पट जिंकलेल्या बैलांची. शेवटचं नाव पाखऱ्याचं. त्यानं बक्षिसात आणलेली सायकल मामांनी मला दिली, तीही रागावूनच: "कॉलेजात पायी जातं का कोनी, गधड्या?" माझी पदवी पाखऱ्याच्या पायांवर उभी आहे.

मग पटावर बंदी आली. पाखऱ्या तेव्हा ऐन जवानीत होता. मामांचा राग पेटला तो वर्षानुवर्षं विझला नाही. बंदी उठेल तेव्हा बैल तयार पाहिजे, म्हणून त्यांनी त्याला नांगराला लावलं नाही, रोज सकाळी शेतातल्या पांदणीनं पळवलं, अंड्या-दुधावर ठेवलं. मामी म्हणायच्या, "बैल हाये का जावई?" बंदी उठली तेव्हा पाखऱ्या म्हातारा झाला होता. ते पाहून मलाही संताप यायचा. याची पळायची वर्षं कोण परत देणार?

त्या संतापातच मी घोटाळा केला. मामांना न विचारता शेजारगावच्या पटात पाखऱ्याचं नाव दिलं. एकदा तरी पळू दे, मामांना पाहू दे. जोडीला दुसरा बैल मागून आणला. माणसांचा गलका ऐकून म्हाताऱ्यानं कान टवकारले, पण पुढचे पाय थरथरत होते. तेवढ्यात मामा गर्दी फोडत आले.

"शिकून शिकून हेच शिकला का रे? आपल्या आज्याले पळवशील का असा?"

त्यांनी स्वतः जू काढलं आणि पाखऱ्याचा कासरा धरून त्याच धावपट्टीवरून चालायला लागले. हळूहळू, त्याच्या पायानं. पटाची वेळ मोजणाऱ्या घड्याळवाल्यानंही गमतीनं घड्याळ चालू केलं. लोक आधी हसले, मग उभे राहिले. दोघं पलीकडच्या टोकाला पोचले तेव्हा भोंग्यातून आवाज आला, "पाखऱ्या, तीन मिनिटं अकरा सेकंद!"

"खोटं!" मामा तिथूनच ओरडले. "नीट पाहा! सेकंद कमी भरले असतीन!"

त्या उन्हाळ्यात पाखऱ्या गेला. मी अमरावतीहून सुट्टीला जातो तेव्हा मुद्दाम घड्याळ घालून त्यांच्यासमोर बसतो, हात पुढे करून, ओरडतील म्हणून. मामा घड्याळाकडे बघतात. रिकाम्या गोठ्याकडे बघतात. मग हळूच विचारतात,

"किती वाजले रे?"