खिडकीखालचं मैदान

सासऱ्यांना लकवा मारला तेव्हापासून आमच्या घराचं दार मी एकटीने फारसं ओलांडलेलं नाही. ते कळमन्याच्या मार्केटात एका अडत्याकडे होते, धान्याच्या लिलावात बोली पुकारायचे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू यायचा. लकव्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दोन-तीन शब्द तेवढे उरले, त्यातला सगळ्यात स्वच्छ शब्द 'थांब'. पाणी हवं असलं तरी थांब, पंखा बंद करायचा असला तरी थांब, आणि मी खोलीतून निघाले की हमखास थांब.

सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात हिशेबाच्या कामाला, सकाळी निघाला की दिवेलागणीनंतर परत. बाबांसाठी बाया ठेवून पाहिल्या, पण त्यांच्या हातून ते घास घेत नसत, तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळत. एकेक करून सगळ्या सोडून गेल्या. मी कुठे जाणार होते?

अशात एका सकाळी फोन आला. मी बाबांना पेज भरवत होते.

"काहून वं, जिवंत हाय का तू?"

आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. आमची कॅप्टन होती. मी पारशिवनीहून नागपूरला शिकायला आले, होस्टेलात राहिले, तेव्हा कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम नुकतीच उभी राहत होती. उंच म्हणून मला गोलमध्ये उभं केलं. तीन वर्षं मी त्या टीमची गोलकीपर होते. माझी डाव्या हाताची करंगळी आजही वाकडी आहे, ती तेव्हाचीच. लग्नानंतर कोणी विचारलं तर दारात सापडली होती असं सांगून मोकळी व्हायचे. खरं सांगायला लागलं की लोक हसायचे.

कॅप्टन आता त्याच कॉलेजात खेळाची मॅडम झाली होती. मधली काही वर्षं बंद पडलेली मुलींची टीम तिने पुन्हा सुरू केली होती आणि जुन्या खेळाडूंना मैदानावर बोलावायचं ठरवलं होतं. "सत्कार हाय, मंग नव्या पोरींसंग मॅच. तुले गोलमधी उभं राहा लागते. नाही म्हणू नको."

"माझं कठीण आहे गं. घरी बाबा आहेत."

"एक रविवार तरी निघन का नाही?"

नवऱ्याला विचारलं. तो वाईट माणूस नाही. "जा ना," तो म्हणाला, "रविवारी मी हाओच घरी." पण नेमकं त्या रविवारी दवाखान्यात ऑडिटचं काम निघालं. मग समोरच्या काकू बसतो म्हणाल्या. मी बाबांचं सगळं आवरलं, औषध दिलं, आणि कपाटातून ट्रॅकपँट काढून घातली. ती कमरेत बसेना, नाडी सैल सोडून वरून लांब कुर्ता चढवला. बाबा बघत होते. मी पिशवी उचलली तसे म्हणाले, "थांब."

"दोन तासांत येते, बाबा."

"थांब."

मी चप्पल घातली आणि खाली उतरले.

मैदान तेच होतं, काळ्या मातीचं, थंडीत भेगा पडलेलं. मंडप टाकला होता. आम्ही नऊजणी जमलो होतो. कोणी शाळेत शिकवत होती, कोणी पोलिसात होती, एकीचे केस पूर्ण पिकले होते. शाल झाली, नारळ झाला. प्राचार्य म्हणाले की या मुलींनी इतिहास घडवला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, कारण आम्ही बहुतेक मॅच हरलो होतो. मग ते म्हणाले, "हे मैदान तुमचंच घर आहे, केव्हाही या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. माझ्या मनात तो एकच शब्द घोळत राहिला, केव्हाही. माझ्याकडे तसला वेळ नव्हताच कुठे.

मॅच सुरू झाली आणि मी सगळं विसरले, हे खरं आहे. पहिला बॉल आला तेव्हा अंग हललंच नाही, तो कानाजवळून गोलमध्ये गेला. नव्या पोरी हसल्या. दुसरा आला तेव्हा मी आडवी पडले आणि तो छातीशी धरला. तोंडात माती गेली. कॅप्टन मैदानाच्या मध्यातून ओरडली, "हाय, हाय, जिवंत हाय!" त्यानंतर किती बॉल आले, किती गेले, मला ठाऊक नाही. फोन पिशवीत होता, पिशवी मंडपात होती.

चहा आणि आलूबोंडा हातात घेतल्यावर फोन पाहिला. नवऱ्याचे कितीतरी कॉल येऊन गेले होते.

काकू गॅसवरचं दूध उतरवायला क्षणभर आपल्या घरी गेल्या होत्या. तेवढ्यात बाबा उठायला गेले आणि पलंगावरून पडले. मी पोचले तेव्हा नवरा त्यांना दवाखान्यातून घेऊनही आला होता. हाड मोडलं नव्हतं. भुवईवर टाके पडले होते, गाल सुजून काळानिळा झाला होता. काकू दारात उभ्या राहून रडत होत्या. माझ्या कुर्त्यावर माती, खांद्यावर ती शाल.

"मला माहीत असतं तर..." मी म्हटलं.

"मी काही म्हणून राहिलो का तुले?" नवरा म्हणाला. आणि खरंच तो काही म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्याने ओरडावं असं मला फार वाटत होतं. ओरडला असता तर मीही ओरडले असते. त्याऐवजी मीच ट्रॅकपँट धुऊन, घडी घालून माळ्यावर टाकली. कॅप्टनचे फोन उचलणं बंद केलं. घरात कोणी मला अडवलं नव्हतं, तरी सगळं बंद झालं.

एका दुपारी ती घरीच आली. मागे दोन मुली, बॉलची जाळी घेऊन. "या दोघी माह्या गोलकीपर. यायले कोनी शिकवत नाही. मी फॉरवर्डची, मले काय समजते त्यातलं?"

मी तिला बाबांची जखम दाखवली. मला वाटलं, ती समजून निघून जाईल. ती बाबांच्या पलंगाजवळ गेली आणि नमस्कार करून म्हणाली, "काका, येऊ का मी?"

"थांब," बाबा म्हणाले.

तिने त्याचा अर्थ 'बस' असा घेतला. तिने खुर्ची ओढली आणि तासभर त्यांच्याशी फुटबॉलबद्दल बोलत राहिली. मी किती बॉल अडवायचे, करंगळी मोडल्यावरही गोल सोडून कशी गेले नाही, सगळं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती खिडकीशी गेली. आमच्या लेआउटमधलं, म्हणजे वसाहतीतलं, मोकळं मैदान बरोबर खिडकीखाली आहे, दोन कडुनिंबाची झाडं आणि मध्ये रिकामी जागा.

"काका, पलंग इकडं सरकवला तर तुम्हाले इथूनच दिसते. ही खाली राहीन, पोरी इथंच येतीन. चालन ना?"

"थांब."

"बरं, मंग ठरलं," ती म्हणाली.

बाबांना काय म्हणायचं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

अशा तऱ्हेने मी पुन्हा टीममध्ये आले. बाबांचा पलंग खिडकीला लावला. त्यांच्या डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला ठेवला. संध्याकाळी मुली स्कूटीवर येतात, कडुनिंबाच्या दोन झाडांचा गोल करतात, आणि मी त्यांना पडायला शिकवते. आधी खुबा, मग खांदा, हात बॉलच्या मागे. वरून पेला खिडकीच्या गजावर वाजला की मी दोन मजले चढून जाते. कधी पाणी हवं असतं, कधी कूस बदलायची असते. बऱ्याचदा काहीच नसतं. मी परत खाली येते, मुली तोवर उभ्या असतात.

एकदा तो पेला सारखा वाजत राहिला. चौथ्यांदा वर गेले तेव्हाही त्यांना काही नको होतं. मला धाप लागली होती. मी दारातूनच ओरडले, "मी कुठं पळून जाऊन राहिली का, बाबा? खालीच तर आहे! दिसत नाही का तुम्हाला?"

कधीच त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, लिलावात पुकारताना ताणल्या जायच्या तशा. शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते भुवईवरच्या व्रणाशेजारून कानाकडे गेलं. मी ओढणीने पुसलं. त्यांची कोंडी मला दिसत होती, पण त्याने माझी धाप कमी झाली नाही. खाली मुली बॉल हातात धरून वर बघत होत्या. मी त्यांना हाताने खूण केली, आज जा.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पेलाही पुन्हा वाजला. मी पुन्हा चढले.

या हिवाळ्यात टीम अमरावतीला स्पर्धेला गेली. कॅप्टनने बसमध्ये माझी जागा राखली होती. नवरा म्हणाला, "पाहा, जमत असन तर." जमण्यासारखं काय होतं ते त्यालाही माहीत होतं. मी बस सुटायच्या आधी डबा पाठवला, लिंबाचं लोणचं आणि पराठे.

दुपारी बाबांची चादर बदलत असताना फोन वाजला. मी तो खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला. धाकटी गोलकीपर बोलत होती, मागे प्रचंड गोंधळ.

"ताई, हरलो आपण."

"गोल कसा गेला?"

"कॉर्नरवरून. मी बाहेर निघाली, पण पोचलीच नाही. बॉल माह्या डोक्यावरून गेला." तिचा आवाज फाटला. "सगळे माह्याकडंच पाहून राहिले ताई."

"बाहेर निघालीस ना? मग ठीक आहे. पोचायचं आपण शिकू. लागलं का कुठे?"

"कोपर सोलला."

"पाण्याने धू आधी. आणि डबा खा."

"उद्या येऊ का?"

बाबा बघत होते. चादरीचं एक टोक त्यांच्या पाठीखाली अडकलं होतं. "ये," मी म्हटलं, फोन बाजूला ठेवला, आणि त्यांना माझ्याकडे वळवून ते टोक सोडवलं.