आईच्या टेपमधला वन्समोअर

मंडळी, आज नारायण पेठेतल्या एका ध्वनिसंग्रहालयात जाऊन आले. माझी आई संगीत नाटकांत गायची. तिच्या प्रयोगांच्या जुन्या टेप आम्ही तिथे दिल्यात.

तिथल्या मुलीने उत्साहाने त्यातलं एक गाणं ऐकवलं. "काकू, एकदम क्लीन केलंय. मधला आरडाओरडा काढून टाकला."

"अगं, आरडाओरडा काय? वन्समोअर होता तो! आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणारे माझे बाबा."

घरी आईच्या गाण्याबद्दल बाबा "बरं झालं" याच्यापुढे कधी गेले नाहीत. सगळं कौतुक थिएटरच्या शेवटच्या रांगेतून.

बिचारीने लगेच मूळ टेप लावली. आईची तान संपली आणि बाबा ओरडले. दोघंही आता नाहीत.

टेप थांबली, तेव्हा वन्समोअर मी दिला.

तुमच्या घरच्या टेपमध्ये गाण्यामागे कोण ओरडतंय, ऐकलंय कधी?