आडव्या ठेवलेल्या नळ्या

मंगळवारी दुपारी माझ्या हातून एका लॅबमधल्या पन्नासेक माश्या मेल्या. मारायला गेलो नव्हतो... मक्याचं पीठ द्यायला गेलो होतो.

नीट सांगतो. प्रणाली माझ्यासोबत बीएस्सीला होती. दुसऱ्या वर्षी एका सरांशी भांडून, जर्नल टेबलावर आपटून मी कॉलेज सोडलं. ती शिकत राहिली, आता वर्ध्यातच एमएस्सी करते. मी सिंदी मेघेला बाबांच्या ज्यूस सेंटरवर असतो. तिचा डीपी बदलला की मला कळतं... आमचं नातं म्हणाल तर एवढंच.

सात महिन्यांनी तिचा मेसेज आला. दोन किलो मक्याचं पीठ दळून आणशील का, जाडसर. मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. शर्टला इस्त्री केली आणि चक्कीवर स्वतः उभा राहिलो.

पीठ माश्यांसाठी होतं! केळ्यांवर घोंगावणारी ती चिलटं... आम्ही दुकानात दिवसभर ज्यांना फडक्यानं हाकलतो, ती हिनं काचेच्या नळ्यांमध्ये कापसाचे बोळे लावून पाळली होती. नळीच्या तळाशी मका, साखर आणि यीस्ट शिजवून ओतलेलं.

लिव्हरच्या आजारावर काम चालू आहे म्हणाली. वर हेही म्हणाली की माशीला आपल्यासारखं लिव्हर नसतंच. पोटात चरबीचा एक थर असतो, तो बरंचसं तेच काम करतो. मी मान हलवली. लिव्हर नाही, पण लिव्हरचा आजार... डोक्यात काही शिरलं नाही.

ती पीठ ठेवायला आत गेली. टेबलावर दहा-बारा नळ्या आडव्या पडलेल्या, आत माश्या निपचित. मी दुकानदाराचा पोरगा. आडवी बाटली दिसली की हात आपोआप जातो. सगळ्या नळ्या उचलून एका ओळीत छान उभ्या केल्या.

ती बाहेर आली आणि ओरडलीच. "अबे, काय करून ठेवलं तू हे!"

त्या माश्यांना गुंगी देऊन तिनं सकाळपासून नर-मादी वेगळे केले होते. त्या जाग्या होईपर्यंत नळी मुद्दाम आडवी ठेवतात. उभी केली की खालच्या ओल्या खाण्यावर पडून चिकटतात. तशाच चिकटल्या होत्या... पाय वर करून.

माफी मागायची सोडून माझंच डोकं तापलं. "माश्यांसाठी रडून राह्यली तू? तिकडे माझ्या बापाच्या लिव्हरवर चरबी चढली, त्याचं कोणाले काही नाई!"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला त्या दिवशी भांडलो, तेव्हापासून नऊ दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, एवढंच मला माहीत. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी ज्याला मिळवायची त्याला मिळतेच.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, कधीच घेतली नाही. मी तिथेच हसलो आणि उठून बाहेर आलो. पुढे डॉक्टर काय बोलले ते ऐकलंच नाही. घरी आल्यावर मात्र गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, कुठं लपवून पिता ते सांगा. बाबा गप्प बसले. मला वाटलं, चोरी पकडली.

प्रणालीनं डोळे पुसले. रॅकमधली एक नळी काढून माझ्या नाकासमोर धरली. "यायच्या पोटातबी चरबी चढली. यायनं कुठं ढोसली, सांग बरं?"

मी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"खाण्यात साखर वाढवली मी. बस." मग लगेच म्हणाली, "पण मी डॉक्टर नाई, अन् माणूस काही माशी नाई. डॉक्टरले नीट विचार. अन् या वेळी पूर्ण ऐकजो."

परत येताना गाडी कशी चालवली, आठवत नाही. माशी, मका, साखर, बाबा... सगळं मिक्सरमध्ये फिरत होतं. मिक्सरवरूनच आठवलं. गिऱ्हाइकाचा ग्लास भरल्यावर भांड्यात जे घोटभर उरतं, ते बाबा स्वतःच्या स्टीलच्या ग्लासात ओतून पिऊन टाकतात. वाया कशाला घालवायचं म्हणून. दोन चमचे साखर घातलेला चिकू, आंबा, सीताफळ... दिवसभर. लहानपणापासून बघतोय मी. ते पिणं कधी मोजलंच नाही.

संध्याकाळी बाबांचा हात त्या भांड्याकडे गेला तेव्हा मी ते आधीच उचललं आणि धुऊन टाकलं.

"काऊन बे, काय झालं?" नऊ दिवसांनी आमच्यात निघालेला पहिला शब्द.

खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, तुम्ही पीत नाई... मले मालूम झालं."

बाबा फडक्याला हात पुसत म्हणाले, "मले त पहिलेपासूनच मालूम होतं."

आता उद्या आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय. साखरेचंच आहे की अजून काही, मला अजूनही कळलेलं नाही. या वेळी मी बसून ऐकणार आहे, शेवटपर्यंत.

प्रणालीचा काल मेसेज आला. आणखी दोन किलो पीठ, आणि आत यायचं नाही, दारातूनच द्यायचं. हा राग समजायचा की काय समजायचं... तेही कळत नाही. पण पीठ दळून ठेवलंय.

आणि त्या पन्नास माश्यांनो, माफ करा. तुमच्यामुळे घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.