तिसरे पान

जामबागच्या शाळेतील मैत्रिणींनो, मी या गटात फक्त वाचत असते. आज लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी स्वतःची विजेवरची टॅक्सी घेतली. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. "तू वर्गात पहिली येतेस, मला मराठीत लिहून दे," असे ते म्हणाले. दोन पाने मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. तिसरे पान चार्जिंगचे होते. ते मनासारखे उतरेना, म्हणून नंतर नीट लिहू असे ठरवले आणि ते राहूनच गेले.

बाबा रोज गाडी शंभर टक्के भरत आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत दिलसुखनगरच्या उन्हात उभी करत. "भरलेली असली की काळजी नाही," म्हणत.

आज दुपारी विमानतळाच्या रस्त्यावर गाडी प्रवाशासह बंद पडली. बाबांचा फोन आल्यावर मी कॉलेजातून थेट गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक तपासून म्हणाला, "बॅटरी की ताकत आधी रह गई, साब. रोज फुल भरके धूप में रखे क्या? ऐसा नक्को करना था. अस्सी टक्का हुआ तो चार्जर निकालो बोलके किताब में लिखा है ना."

"किताब मेरी बेटी पढ़ी," बाबा अभिमानाने म्हणाले. "ऐसा कुछ रहता तो वो बोलती थी."

घरी येताच मी ती पुस्तिका शोधून काढली.

नवी बॅटरी आमच्या आवाक्याबाहेरची आहे. सोमवारपासून बाबा पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवणार आहेत.

तिसरे पान आत्ता लिहून झाले. अवघ्या पाच ओळी आहेत. त्या त्यांच्यासमोर कशा ठेवू, एवढे मला सांगाल का?