त्याच मापाचं मोरचूद

रावेरला काकांच्या शेततळ्यात सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. काका काठावरून शेजारच्या आबांच्या केळीकडे बघत होते.

"त्यानंच जहर टाकलं. चहा झाला की ठाण्यात जाऊन नाव देतो त्याचं."

मलाही आबांचाच संशय होता. आदल्या संध्याकाळी ते तळ्याशी वाकलेले दिसले होते आणि मला पाहताच सरळ झाले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकांनी चहाचीही वाट पाहिली नसती.

मेलेले मासे काढून काकू साबण लावून तळ्याच्याच पाण्यानं हात धुऊ लागली. "फेस पाहा वं केवढा! बोअरच्या पाण्यात साबण झिजतो, पण फेस येत नाही."

मग माझा संशय आमच्याच घराकडे वळला. दरवर्षी काका तळं बोअरच्या जड, चुना असलेल्या पाण्यानं भरायचे. यंदा बोअर केळीलाच पुरेना, म्हणून केळीच्या पॅकिंग शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत आणि तिथून तळ्यात सोडलं होतं. तळाशी प्लास्टिक, त्यामुळे मातीतला चुनाही त्यात उतरला नव्हता. आणि शेवाळ मारायला काकांनी परवाच मोरचूद टाकलं होतं, दरवर्षीच्याच मापानं.

मोरचुदात तांबं असतं. जड पाण्यातला चुना ते तांबं माशांच्या कल्ल्यांना सहजी भिडू देत नाही. पावसाच्या हलक्या पाण्यात तेवढंच तांबं जीव घेतं. हे मी कॉलेजात इंग्रजीतून शिकले होते. काकांसमोर सांगायला गेले तर मराठी शब्दच सापडेनात. म्हणून दाखवायचं ठरवलं. त्यासाठी जिवंत मासे हवे होते, आणि ते फक्त आबांच्या तळ्यात होते.

"आबा, सहा पिल्लं द्याल का?" मी खाली बघून विचारलं. त्यांनी जाळं टाकलं आणि दिली. कशाला, ते विचारलं नाही. ते मला जास्तच खटकलं.

एका बादलीत बोअरचं पाणी घेतलं, दुसरीत टाकीतलं पावसाचं. दोन्हींत तीन-तीन पिल्लं आणि तळ्याच्याच मापानं सारखं मोरचूद. "संध्याकाळपर्यंत थांबा, काका," एवढंच म्हटलं. ते बादल्यांपाशी खाट टाकून बसले, बहुधा माझ्यावरच नजर ठेवायला. दुपार कलता कलता पावसाच्या पाण्यातली तिन्ही पिल्लं कलंडली. बोअरच्या पाण्यातली फिरत होती. आबाही काल तळ्याशी वाकून असेच गुदमरणारे मासे बघत असावेत.

काकांनी मेलेलं एक पिल्लू तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "पिल्लं कुठून आणली?"

"आबांकडून."

"अन् त्यानं मुकाट दिली? त्याले काहीतरी ठाऊक असंल."

"काका, मोरचूद तुम्हीच टाकलं होतं."

ते उठले. पॅकिंग शेडमध्ये सकाळीच त्यांनी दहा जणांना आबांचं नाव सांगून ठेवलं होतं. ठाण्यासाठी गाडी न काढता ते पायीच शेडकडे निघाले. त्या दहा जणांना आता काय सांगणार ते कळेना, म्हणून मीही थोडं अंतर राखून मागे गेले.