बाटलीवरचा तिसरा शब्द

आमच्या भावकीत एक गोष्ट सांगतात. माझ्या बायकोने सुनेची मासळीच्या रसाची बाटली मोरीत ओतली आणि त्यावरून मुलगा-सून जळगाव सोडून धुळ्याला गेले. लग्नकार्यात, दशक्रियेला, फैजपूरला कुणाच्या ओट्यावर विषय निघाला की ती अशीच सांगितली जाते. कुणी बायकोची बाजू घेतं, की माळकरी बाई, ती दुसरं काय करणार. कुणी सुनेची घेतं. मी तिथेच बसलेला असायचो आणि मान हलवायचो. या गोष्टीत दोन चुका आहेत. त्या बाटलीत मासळी नव्हती. आणि ती माझ्या बायकोने ओतली नव्हती.

बायको गेल्यापासून मी धुळ्याला मुलाकडे राहतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे असे झालेत की उतरलो तर चढायचं कसं, म्हणून मी उतरतच नाही. गॅलरीला लोखंडी जाळी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते, तिलाही जाळी आहे. सून दोन्ही वेळा ताट आणून समोर ठेवते. आता ती मराठी बोलते, त्यात धुळ्याच्या भाजीबाजारातली अहिराणी मिसळलेली. "बा, जेवण करी ल्या," म्हणते. तिच्या व्हिएतनामी भाषेतही बापाला बा म्हणतात आणि आईला मा; माझ्या बायकोला ती मा म्हणायची. तिने केलेलं मी खातो, चांगलं असतं, आणि प्रत्येक घास खाली उतरताना मला जळगावच्या घरातली मोरी आठवते.

मुलगा केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत आहे. कामासाठी व्हिएतनामला गेला, तिकडेच जमलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो तिला घेऊन जळगावच्या घरी आला. सकाळी तो पॅकिंग हाऊसला निघून जायचा. मग घरात आम्ही तिघं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. बायको धुळ्याकडची, जन्मभर जळगावात राहूनही घरात अहिराणीच बोलणारी, गळ्यात तुळशीची माळ. आणि ही नवी मुलगी, जिला आमचं काही कळत नव्हतं आणि आम्हाला तिचं.

सुरुवातीला ती आमच्यासारखंच जेवायची. शेवभाजीचा पहिला घास घेतला की डोळ्यांतून पाणी, पण ताटात काही टाकायची नाही. महिनाभरात तिचे गाल बसले. बायको मला म्हणाली की पोरगी भुकेली राहते, तिला तिचं काहीतरी करू द्या.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा तिने तिकडचं ते शेवयांचं रस्सेदार जेवण करायला घेतलं. कांदा आणि आलं गॅसच्या जाळावर धरून काळंठिक्कर केलं. बायको दारात उभी राहून चांगलं आलं जळताना बघत होती. हाडं चालणार नाहीत हे मुलाने तिला सांगितलं होतं, म्हणून तिने पाण्यात मुळा, गाजर, मक्याची कणसं टाकली, चक्रीफूल आणि दालचिनी घातली आणि दुपारभर उकळत ठेवलं. वास फार सुंदर सुटला होता. पण शेवया घरातल्या होत्या, गव्हाच्या, खिरीच्या. रश्श्यात पडल्याबरोबर त्यांचा लगदा झाला. संध्याकाळी मुलाने चमच्याने खाऊन कौतुक केलं. ती वाटीकडे बघत राहिली आणि काहीतरी पुटपुटली. मुलगा म्हणाला, "म्हणते, काहीतरी कमी आहे."

शेवयांचा प्रश्न बायकोने सोडवला. तिने कुरडयांचा सोऱ्या काढला, तांदळाची उकड केली आणि उकळत्या पाण्यावर सोऱ्या दाबून दाखवला. सून टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसापासून त्या दोघी स्वयंपाकघरात एकत्र असायच्या. सुनेला तांदळाचे पातळ कागदासारखे पापड हवे होते, ज्यात भाजी गुंडाळून खातात. भांड्याच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर वाफेत पीठ पसरायचं, हे तिने करून दाखवलं आणि बायकोला हसू आलं, कारण तिचा जन्म असल्याच पापड-कुरडयांत गेलेला. पहिली खेप गच्चीवर टाकली तर जळगावच्या उन्हाने तासाभरात तिचे तुकडे केले. बायकोने दुसरी खेप घरात, खाटेवर धोतर अंथरून, पंख्याखाली वाळवली. मी त्या खाटेवर झोपायचो. माझी झोपायची जागा गेली म्हणून मी कुरकुरलो होतो, हेही आठवतं.

फैजपूरहून पुतण्याने पोतंभर केळीची कमळं, म्हणजे केळफुलं, पाठवली. आमच्याकडे घड पडला की कमळ मोडून बांधावर फेकतात. पुतण्या फोनवर म्हणाला, "आबा, वहिनीला सांगा, अजून लागली तर ट्रॅक्टर पाठवतो." सुनेने ती बारीक चिरून लिंबाच्या पाण्यात टाकली, वर कोथिंबीर आणि शेंगदाण्याचा कूट. मला तर आवडलं. तिने एक घास घेतला आणि परत तोच शब्द म्हणाली, काहीतरी कमी आहे. तोपर्यंत तो शब्द आम्हालाही पाठ झाला होता.

मग कंपनीचा कुणी माणूस तिकडून आला, त्याच्याबरोबर तिच्या आईने एक बाटली पाठवली. टॉवेलात गुंडाळलेली. ती बाटली घेऊन सून बाहेरच्या खोलीत आली, आमच्यासमोर धरली आणि म्हणाली, "चाय." खान्देशात चहाला चायच म्हणतात. बायकोने आधण ठेवलं. सुनेने चहा प्यायला, आणि परत बाटली पुढे करून, "चाय, चाय." मग देव्हाऱ्यातल्या विठोबाकडे बघून हात जोडले आणि बाटलीकडे बोट केलं. मी हसलो. पुढे कितीतरी दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की आमच्या सुनेला बाटलीभर चहा लागतो. बायको हसली नाही. ती तिच्यामागून आत गेली. आत काय झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच दिसायचं की दुपारी दोघी जमिनीवर बसून कैरीच्या फोडी खातात आणि मधे एका बशीत काहीतरी तपकिरी असतं. मला गुळाचं पाणी वाटलं. हंगामामुळे मुलगा तेव्हा रात्री उशिरा यायचा, त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

मे महिना होता. जळगावचा मे ज्याने काढला त्याला सांगायला नको. सकाळी नऊला खिडक्या बंद, दाराला ओला पडदा, आणि दिवसभर कूलरची घरघर. त्या घरघरीत एकमेकांची भाषा न कळणारी तीन माणसं. अशात माझे मोठे भाऊ फैजपूरहून मुक्कामाला आले. आत सुनेने आलं-कांदा भाजायला घेतला होता. भाऊंनी पायरीवरच नाक वर केलं. म्हणाले, "काय रे, माळकऱ्याच्या घरात समुद्र आणला का?" आणि जेवताना ताटातली भाजी बोटाने उलटसुलट करून बघत राहिले. वास जळक्या आल्याचा होता, हे मला माहीत होतं. ते मी बोललो नाही. भाऊ गेले, पण आता फैजपूरला जाऊन ते काय सांगतील हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मागच्या खोलीत झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो, बाटली घेतली आणि मोबाईलवर तिच्यावरची अक्षरं एकेक करून टाकली. तीन शब्द होते. पहिले दोन टाकल्यावर उत्तर आलं की मासळी आंबवून काढलेला रस. तिसरा शब्द मी टाकला नाही. तो मला वाचता येत होता. सी, एच, ए, वाय. चाय. नोकरीत जन्मभर मी लोकांचे अर्ज अपुरे आहेत म्हणून परत केले.

मी काही सोवळा माणूस नव्हतो. नोकरीत असताना तापीकाठच्या ढाब्यावर मी मासे खाल्ले आहेत, एकदा नाही, पुष्कळदा, आणि घरी येताना बडीशेप चावली आहे. तरी ती बाटली मी मोरीत उपडी केली आणि वर पाणी ओतलं. घाण वास येईल म्हणून श्वास धरला होता. तो सोडला तेव्हा वास आला तो भाजलेल्या सोयाबीनचा, मिठाचा, थोडा अननसाचा. तरीही मी थांबलो नाही.

पाण्याच्या आवाजाने बायको उठून आली. तिने रिकामी बाटली बघितली. "हाई काय करं तुम्ही?" म्हणाली. मी म्हणालो, मासळी होती, माळेच्या घरात. ती तशीच मोरीकडे बघत राहिली. "मासा नही शे त्यामा," ती म्हणाली. "तिनी मायनी आपलासाठे मुद्दाम धाडेल व्हती." सुनेने तिला हाताने मासा पोहताना करून दाखवला होता, मग तोच हात नाही नाही म्हणून हलवला होता, मग तिच्या माळेला बोट लावलं होतं. बायकोला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून ती त्या रसात बुडवून कैरी खात होती.

थोड्या वेळाने सून उठली. तिने कपाट उघडलं, बंद केलं, गॅलरीत बघितलं. मग आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि रिकाम्या हातांनी बाटलीचा आकार केला. मी खाटेवर पेपर धरून बसलो होतो. मी तोंड उघडायच्या आत, किंवा मी उघडणार नाही हे ओळखून, बायकोने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग मोरीकडे दाखवलं. सुनेने तिच्याकडे बघितलं, माळेकडे बघितलं आणि मान हलवली. मी पेपरचं पान उलटलं.

नंतर मी बायकोला विचारलं की असं का केलंस. ती लसूण सोलत होती. "सासूवर तं राग राहसच," म्हणाली. "त्यामा काय नवं शे?"

त्यानंतर सुनेने काही करून बघितलं नाही. सोऱ्या परत वरच्या फळीवर गेला. ती आमच्यासोबत भाकरी खायची आणि भांडी घासून खोलीत जाऊन बसायची. दोघी एका स्वयंपाकघरात असायच्या, पण जमिनीवर बसणं बंद झालं. पावसाळ्यात कंपनीने मुलाला धुळ्याची जागा विचारली, त्याने घेतली. भावकीतली गोष्ट तेव्हापासूनची. मी म्हणत होतो, जरा निवू दे, मग सांगू. बायकोने कधी मला आठवण केली नाही. मग ती आजारी पडली आणि गेली, आणि मी पिशवी भरून इथे आलो.

इथे आल्यावर एका सकाळी सून म्हणाली, "बा, आज चाय." मी चहाची वाट बघत बसलो. चहा आला नाही, दुपारी ताटात सगळं भाजीपाल्याचं आलं. मी विचारलं तेव्हा तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पौर्णिमेला आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मांस-मासळी खात नाहीत, त्या जेवणाला चाय म्हणतात. आपल्या उपासासारखं, ती म्हणाली. मी मान हलवली. बाटलीवरचा तिसरा शब्द मला तेव्हा कळला. त्याही दिवशी मी बोललो नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. या वयात, या गुडघ्यांनी, मी दुसरीकडे कुठे जाणार होतो?

यंदा बायकोच्या तिथीला सुनेने सगळं तिच्या फोटोसमोर मांडलं. वरण-बट्टी, भरीत, आणि तिच्याकडचंही. तांदळाच्या कागदात गुंडाळलेल्या भाज्या, केळीच्या कमळाची कोशिंबीर, कैरीच्या फोडी. गेल्याला आवडायचं ते मांडायचं, अशी तिकडचीही रीत आहे. मुलगा कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर गेला होता. आमच्या ताटांत एकेक वाटी त्या तपकिरी रसाची होती, आता तो तिच्या आईकडून येत राहतो. फोटोसमोर मात्र वाटी नव्हती. मी विचारलं.

"माला नको," ती फोटोकडे बोट करत म्हणाली. "तिला ते नको होतं."

"ती बाटली तिने ओतली नाही," मी म्हणालो. "मी ओतली."

ती उदबत्ती लावत होती. ती लावून झाल्यावरच वळली. "मा म्हणाली, मी ओतली."

"माझ्यासाठी खोटं सांगितलं."

"तुम्ही तिथे होते. पेपर वाचत होते."

"होतो."

ती जमिनीवर बसली.  मग फोटोकडे बघत, शब्द शोधत बोलली. इतकी वर्षं तिला एक कोडं होतं. मा आधी माझ्याबरोबर कैरी खाते, मग बाटली फेकते, असं का? तिला वाटायचं, नंतर कुणीतरी माला सांगितलं असेल की त्यात मासा आहे, आणि माने ते खरं मानलं. "मला वाटलं, मा समजते मी खोटं बोलली. देवासमोर हात जोडून खोटं बोलली."

मी म्हणालो की नाही, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं, त्यात मासा नाही म्हणून.

"कधी सांगितलं?"

"ओतल्यावर. तू उठायच्या आधी."

हे बोललो नसतो तरी चाललं असतं असं क्षणभर वाटलं. पण आता अर्धं ठेवायचं नव्हतं. गच्चीवरून मुलाचा आवाज आला की कावळा शिवला. सून उठली. ताटातली एक वाटी उचलून तिने फोटोसमोर, कैरीच्या फोडींशेजारी ठेवली. जरा सरकवली, फोडीला हात पोचेल अशी. मग पदराने डोळे पुसले आणि आत गेली.

माझं ताट तिने नेहमीसारखंच आणून ठेवलं. बट्टीवर तूप होतं, भरीत गरम होतं. वाटी नव्हती. तिने उचललेली वाटी माझ्या ताटातली होती, हे तेव्हा लक्षात आलं. "जेवण करी ल्या," एवढंच म्हणाली. बा म्हणाली नाही.

मी कमळाची कोशिंबीर खाल्ली. काहीतरी कमी होतं. मी मागितलं नाही.