तळाला टेकलेली ग्लँड

इराणातल्या अर्दबीलच्या थंडीत लोखंडसुद्धा अंग चोरून बसतं, हे उस्ता, म्हणजे मिस्त्री, बायरामलीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कारखान्यातल्या वाफेच्या व्हॉल्व्हच्या दांडीभोवती पॅकिंग भरणं हेच त्याचं काम. गारठ्यानं पॅकिंग आकसतं आणि वाफ गळते. म्हणून चिल्ला, म्हणजे खरी थंडी, लागायच्या आत जुनी कडी आकड्यानं उकरून काढायची, नवी तिरकी कापून सांधे एकावर एक न आणता बसवायची, आणि वरची ग्लँड, म्हणजे पॅकिंग दाबून धरणारं लोखंडी बूच, दोन्ही नटांनी जराजरा दाबत आणायची. पुढं पुन्हा आवळायला बोटभर जागा राखायची, ही त्यातली खरी मेख.

गेल्या साली, चिल्ला लागतो त्या रात्रीच्या सणाला, रिवाजाप्रमाणं होणाऱ्या सुनेकडं कलिंगडाचं ताट न्यायचं होतं. वरच्या मजल्यावरचा एक व्हॉल्व्ह राहिलेला. उस्तानं जुनं पॅकिंग उकरलंच नाही. नट पिळून ग्लँड पार तळाला टेकवली आणि घर गाठलं.

पुढच्या कडाक्यात तिथनंच वाफ सुटली. आवळायला जागाच उरली नव्हती. ठिबकलेलं पाणी लोखंडी जिन्यावर गोठलं आणि त्याचा कामावरचा जोडीदार सत्तार घसरून त्याचा खुबा मोडला. लोक म्हणाले, सत्तारच्या बुटाचे तळवेच गुळगुळीत. उस्तानंही मान हलवली. ती हलवलेली मान वर्षभर त्याच्या छातीवर जड होऊन बसली.

यंदाच्या सणाला अंधार पडायच्या आत तो कलिंगड काखेत मारून सत्तारकडं गेला. सत्तार शेगडीवर चौरंग ठेवून वर पांघरलेल्या रजईत पाय खुपसून बसलेला, काठी शेजारी.

"ये उस्ता. पाय मोजायला आलास व्हय? अजून एकच आखूड हाय, दुसरा धड हाय."

सत्तारच्या बायकोनं कलिंगड चिरलं. सत्तार कारखान्याची चौकशी करत राहिला, इंजिनियरच्या मिशीवर हसला. उस्ताच्या हातातली फोड तशीच गळत होती.

"सत्तार, त्यो व्हॉल्व्ह मी नीट भरला न्हवता. घाईत ग्लँड तळाला टेकवली. तुझा पाय माझ्यापायी गेला."

सत्तारनं बी थुंकली. "ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"वाफ सुटली तवाच खालनं दिसलं की, ग्लँड टेकलेली. इंजिनियर वर चढायच्या आत चिंध्या गुंडाळून गळती झाकावी म्हटलं, तुझं नाव निघू नये म्हणून. म्हणून तर चढलो मर्दा."

उस्ताला वाटलं होतं, बोललं की छाती हलकी होईल. ती दुप्पट जड झाली.

"खा आता," सत्तार म्हणाला. "रजईवर रस सांडतोयस. धुवायला तू येणार हायस का?"

उस्तानं फोड तोंडात घातली. गारठ्यानं दातांतून कळ गेली, तरी त्यानं ती सालीपर्यंत खाल्ली.